‘ए-बी-सी कुठी गेलं बाप्पा?’

अकोल्यात तुरीचा, सोयाबीनचा हंगाम असो की अमरावतीकडच्या जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावरचा हिशोब आता एक्सेलमध्येही चढतो. एखाद्या सकाळी फाइल उघडावी आणि कॉलमच्या डोक्यावरची ए, बी, सी ही अक्षरंच नसावीत! मग ‘व्हायरस शिरला’पासून ‘हिशोब उडाला’पर्यंत तर्क सुरू होतात. त्यातले नेहमीचे पाच तपासू.

गैरसमज : अक्षरं गेली म्हणजे कॉलम गेले.
वस्तुस्थिती : दारावरची पाटी काढली म्हणून घर हलत नाही. क्विंटल ‘सी’त आणि भाव ‘डी’त असेल, तर =सी२*डी२ हे सूत्र पूर्वीसारखंच चालतं. ‘व्ह्यू’ टॅबमधल्या ‘हेडिंग्ज’वर टिक करा, अक्षरं परत येतात.

गैरसमज : हेडिंग म्हणजे ‘शेतकऱ्याचं नाव, पोती, भाव, हमाली’ ही पहिली ओळ.
वस्तुस्थिती : ती तुम्ही टाइप केलेली मजकुराची ओळ, ही टिक तिला हात लावत नाही. खाली सरकताना ती वर दिसत राहावी, तर ‘फ्रीझ टॉप रो’ वापरा. छापताना प्रत्येक पानावर हवी असेल, तर ‘प्रिंट टायटल्स’.

गैरसमज : पडद्यावर अक्षरं दिसतात, म्हणजे कागदावरही येतील.
वस्तुस्थिती : ‘पेज लेआउट’मध्ये हेडिंग्जखाली ‘व्ह्यू’ आणि ‘प्रिंट’ अशा दोन वेगळ्या चौकटी आहेत. छापायची टिक मुळात बंद असते.

गैरसमज : अक्षरं लपवणारा मॅक्रोचा कोड एकदा चालवला की सगळ्या फाइलमधली अक्षरं लपतात आणि हिशोबाला कुलूप लागतं.
वस्तुस्थिती : मॅक्रोतली ओळ आहे ‘ॲक्टिव्हविंडो.डिस्प्लेहेडिंग्ज = फॉल्स’ (प्रत्यक्षात ती रोमन लिपीत लिहायची). ती समोर उघड्या असलेल्या शीटपुरतीच चालते. बारा महिन्यांच्या बारा शीट असतील, तर लूप लावून प्रत्येक शीट समोर आणावी लागते. अक्षरांबरोबर ओळींचे आकडेही जातात. एकच ठेवता येत नाही. ‘फॉल्स’च्या जागी ‘ट्रू’ लिहिलं, की दोन्ही परत. कुलूप तर नाहीच : कोडने लपवलेलं कोणीही ‘व्ह्यू’मधल्या त्याच टिकने उघडतो.

गैरसमज : ए-बी-सीच्या जागी १-२-३ आलं, म्हणजे फाइल बिघडली.
वस्तुस्थिती : ही ‘आर१सी१’ पद्धत; मायक्रोसॉफ्टच्याच १९८२ सालच्या मल्टिप्लॅनमध्ये ती होती. ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘फॉर्म्युलाज’ इथे जाऊन तिची टिक काढा.

तेव्हा कॉम्प्युटरवाल्याला फोन लावण्याआधी ‘व्ह्यू’ टॅब उघडून पाहा. आणि एखाद्याला भाव दाखवायचाच नसेल, तर अक्षरं लपवत बसू नका. भावाचा कॉलम असलेली फाइल त्याला पाठवूच नका.