आधी पन्नास मिली

एक मूल डोळ्यांपुढे आणा. वय दीड वर्ष, वजन पाच किलो. या वयात ते दहाच्या आसपास हवं. कित्येक आठवडे अर्धपोटी काढून ते एकदाचं रुग्णालयात पोचलंय. टेबलावर दूध आहे, साखर आहे, तेल आहे. आणि सिस्टर वाटीत मोजून देते ते पन्नास-पंचावन्न मिली. बस्स. दोन तासांनी पुन्हा तेवढंच. रात्री बाराला, दोनला, चारलासुद्धा उठवून तेवढंच. शेजारी बसलेल्या आईच्या मनात येणारच : लेकरू उपाशी आहे, घरी नव्हतं ते सगळं इथं आहे, मग पोटभर का नाही देत?

कारण पहिल्याच दिवशी पोटभर दिलं, तर ते मूल त्या जेवणानंच दगावू शकतं.

उपासमारीत महिनोन् महिने तग धरलेलं शरीर अन्न मिळाल्यावर कोसळतं! वैद्यकशास्त्रात याहून चक्रावून टाकणारी गोष्ट मला तरी माहीत नाही. आणि ती समजून घ्यायची तर जव्हार-मोखाड्याकडे वळायला हवं. १९९२ साली इथलं, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं, वावर-वांगणी हे गाव शंभराहून अधिक बालमृत्यूंमुळे देशाला ठाऊक झालं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी इथल्या अंगणवाड्यांमध्ये लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांची दंडघेराची पट्टी आजही मुलांच्या दंडाला गुंडाळली जाते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला की पट्टी लाल दाखवते. अंगठा आणि तर्जनी जुळवून कडं करा; एवढा बारीक दंड त्यात सैल बसेल. अंगणवाडी ताईच्या भाषेत हे ‘सॅमचं बाळ’, म्हणजे तीव्र कुपोषित.

या बाळाच्या आत काय चाललेलं असतं? इथल्याच घरातलं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आगेमागे भात, नागली, वरई कणगीत येते. उन्हाळा सरता सरता कणगीचा तळ दिसू लागला की घरातली बाई आधी पाहुण्यारावळ्याचं आवरतं घेते, मग सणाचं, मग दोन भाकऱ्यांची एक करते. पण बियाणाच्या गाठोड्याला काही झालं तरी हात लावत नाही. शरीर हुबेहूब हेच करतं. यकृतातली साखर काही तासांतच संपते. मग चरबी जाळायची, मग स्नायू. वाढ थांबवायची. खेळणं थांबवायचं, म्हणून हे मूल एका जागी बसून राहतं. अंगाची ऊब कमी करायची. आतड्याचं अस्तर पातळ होतं, पाचकरस आटतात, हृदय लहान आणि मंद होतं, मूत्रपिंडं जेमतेम चालतात. आणि बियाणाचं गाठोडं? तो मेंदू. लहान मुलाचं शरीर विश्रांतीत जी ऊर्जा वापरतं, तिच्यातला निम्म्याहून अधिक वाटा एकटा मेंदू घेतो. बाकी सगळं घर अंधारात ठेवून शरीर शक्य तोवर हा वाटा पुरवत राहतं.

काटकसर याहूनही खोल जाते. आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत सूक्ष्म पंप असतात. सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन आत, अशी त्यांची अखंड ये-जा चालू असते. हे वाचताना तुम्ही निवांत बसला असाल, तरी तुमच्या ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा या पंपांवर खर्च होतोय! उपाशी शरीर हे पंपसुद्धा मंद करतं. सोडियम पेशीत साचतं, पोटॅशियम निसटून जातं. म्हणूनच अशा मुलाला जुलाब झाले तर पाजायच्या पाण्यात मीठ नेहमीपेक्षा कमी आणि पोटॅशियम जास्त लागतं.

आता या बंद करत आणलेल्या घरात एकदम ताट भरून जेवण आलं तर?

साखर रक्तात जाते, इन्शुलिन उसळतं आणि पेशींना हुकूम सुटतो : घ्या, कामाला लागा! पेशी अधाशासारखी साखर ओढतात. पण साखरेतून ऊर्जा काढायला फॉस्फरस लागतो, पोटॅशियम, मॅग्नेशियम लागतं, ‘बी-वन’ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन लागतं. शरीरात यांचा आधीच खडखडाट. जे थोडंफार रक्तात फिरत होतं तेही पेशींत ओढलं जातं आणि रक्तातली पातळी काही तासांत धाडकन खाली येते. हृदयाचा ठोका चुकतो, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. मूल अन्नात बुडतं, असंच म्हणायला हवं.

माणसाला हे फार भारी किंमत मोजून उमगलं. एप्रिल १९४५मध्ये बर्गन-बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा ब्रिटिश सैनिकांनी कळवळून आपल्या शिध्यातले डबे हाडांच्या सापळ्यांसारख्या त्या माणसांपुढे धरले. कित्येकांना ते अन्न सोसलं नाही. त्याच सुमारास अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज हे शास्त्रज्ञ एक अजब प्रयोग करत होते. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहिले, का, तर युद्धानंतर उपाशी जगाला जेवू कसं घालायचं ते कळावं म्हणून! त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं घटलं, नाडी अतिशय मंद झाली, भर उन्हाळ्यात त्यांना थंडी वाजू लागली. रात्रंदिवस अन्नाचाच विचार. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले.

या अनुभवांतून आणि पुढच्या काही दशकांतल्या संशोधनातून जे सूत्र निघालं, ते आज जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयासारख्या ठिकाणी वाटीत उतरतं. एक लिटर करायचं तर सुमारे ३०० मिली दूध, १०० ग्रॅम साखर, २० मिली तेल, बाकी पाणी. १०० मिलीत ७५ कॅलरी. प्रथिनं मुद्दाम कमी, कारण थकलेल्या यकृताला आणि मूत्रपिंडांना ती पेलत नाहीत. दिवसाला किलोमागे १३० मिली, म्हणजे आपल्या पाच किलोच्या बाळाला ६५० मिली. बारा वेळांत वाटलं की झाले ते पन्नास-पंचावन्न. रात्रीचं का चुकवायचं नाही? यकृतात साठाच नाही. चार-सहा तास पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर घसरते, अंग गार पडतं. म्हणून बाळाला टोपी, गोधडी, आईच्या छातीची ऊब. हेही उपचारच.

या वॉर्डात नेहमीचं शहाणपण पदोपदी उलटं होतं. एरवी ताप आला की आपण जंतुसंसर्ग ओळखतो. या मुलाकडे ताप काढण्याइतकीही शिल्लक नसते. न्यूमोनिया असला तरी अंग गार! म्हणून दाखल होताच प्रतिजैविक सुरू करतात, लक्षणांची वाट पाहत नाहीत. मूल पांढरंफटक आहे, मग लोह द्यावं ना? अजून नाही. लोह धरून ठेवणारी प्रथिनं कमी असतात, आणि मोकळं सुटलेलं लोह जंतूंनाच पोसतं. भूक परतली, वजन वाढू लागलं की मग लोह.

आणि सगळ्यात फसवं मूल कोणतं? जे गुबगुबीत दिसतं ते. पावलावर अंगठा तीन सेकंद दाबून उचला; खळगा तसाच राहिला तर ती सूज, बाळसं नव्हे. असं मूल बरं होऊ लागलं की आधी त्याचं वजन उतरतं, कारण साचलेलं पाणी निघून जातं. काट्यावरचा आकडा घसरतोय आणि सिस्टर आनंदात आहे. आईनं यावर विश्वास कसा ठेवावा? तो ठेवायला लावणं हे मला सलाइन लावण्यापेक्षा अवघड काम वाटतं.

आता घाट उतरून मुंबईला येऊ. तिथल्या रुग्णालयांत वजन घटवण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया होते. एका प्रकारात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात. हा रुग्ण शंभर-सव्वाशे किलोचा, ते मूल पाच किलोचं. दोघांची गोष्ट एक कशी असेल? पण पाहा. शस्त्रक्रियेनंतर पहिले दिवस घोट-घोट पातळ पदार्थ, मग मऊ, मग हळूहळू घन; तेही थोडं थोडं आणि अनेक वेळा. घाईनं गोड खाल्लं तर, विशेषतः जठराचा बायपास झालेला असेल तर, साखर थेट आतड्यात उतरते. घाम, धडधड, भोवळ. इथवर पथ्यानं निभावतं. खरा धोका उलट्या थांबत नाहीत तेव्हा. शरीरातला थायमिनचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. अंगावर चरबीचे थर असतानाही तो संपतो, आणि चाल लडखडते, डोळ्यांची हालचाल अडखळते, भ्रम होतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर? उरलासुरला थायमिनही त्यातच खर्ची पडतो आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी थायमिन, मग ग्लुकोज. दोघांच्याही पेशींना नियम एकच. त्यामुळे ही शस्त्रक्रिया झालेल्या कुणालाही उलट्या लागल्या तर ‘होईल कमी’ म्हणत घरी थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

केससुद्धा साक्ष देतात. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पुंजके गळू लागले की माणूस हबकतो, पण तो आधीच्या तुटवड्याचा उशिरा आलेला हिशेब असतो. आहार सावरला की केस बहुधा परत येतात. कुपोषित मुलाचा एखादा लांब केस उजेडात धरला तर कधी कधी त्यावर काळे-पिंगट पट्टे दिसतात : बऱ्या दिवसांचा काळा, उपासाच्या दिवसांचा पिंगट. त्या घराचं सरलेलं वर्ष एका केसावर!

आणि मग, साधारण आठवडाभरात, एके सकाळी मूल वाटी हिसकावतं. वाटच या क्षणाची पाहिली जात होती. पंप फिरू लागलेत, आतड्याचं अस्तर नवं झालंय. आता दाट दूध, १०० मिलीत १०० कॅलरी, आणि प्रमाण रोज वाढतं. किलोमागे दिवसाला दहा ग्रॅम आणि त्याहून जास्त वजन वाढतं. धडधाकट मुलाच्या दहापटीहून अधिक वेग! रडं, चिडकं, तोंड फिरवून बसणारं मूल हसतं, खेळणं मागतं.

पण पोटातले जंतू मागे राहतात. ढाक्यातल्या मुलांवरचं एक संशोधन २०१४मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की तीव्र कुपोषित मुलाच्या आतड्यातली जंतूंची वसाहत त्याच्या वयापेक्षा लहान बाळासारखी असते. उपचारानं ती सुधारते, मात्र काही काळच. वजन भरलं म्हणजे आतडं पुरतं सावरलं असं नसतं. म्हणून घरी गेल्यावरही दर पंधरा दिवसांनी वजन आणि दिवसातून पाच-सहा वेळा खाणं. दुधानंतरचं काम आता नागलीकडे येतं. १०० ग्रॅम नागलीत ३००हून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम, तांदळाच्या कितीतरी पट.

वॉर्डातला मुक्काम मात्र दोन आठवड्यांचा, आणि आवणीच्या दिवसांत तेवढे दिवस आईनं घराबाहेर काढायचे म्हणजे रोज बुडतो, घरी दुसरं मूल वाट पाहतं. म्हणून अशा आईला बुडीत मजुरी देण्याची सोय आहे. ती हातात वेळेवर पडली, तर आई चौथ्या दिवशी लेकरू उचलून घरी नेत नाही, आणि वाटी हिसकावण्याची ती सकाळ रुग्णालयातच उजाडते.