ऋषिकुल्येच्या मुखावरील कासवे आणि मच्छीमार

ओडिशातील गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदी बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखालगतच्या काही किलोमीटरच्या वालुकामय पट्ट्यावर साधारणतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, अवघ्या काही रात्रींत, ऑलिव्ह रिडले जातीच्या लाखो माद्या अंडी घालण्यासाठी येतात. या सामूहिक आगमनाला ‘अरिबाडा’ हा स्पॅनिश शब्द रूढ झाला आहे. गहिरमाथा आणि देवी नदीचे मुख ही ओडिशातील अशीच अन्य दोन स्थळे होत. त्यांपैकी गहिरमाथ्याला १९९७ साली सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. ऋषिकुल्येला तो नाही; येथील किनारा गावांचा व मच्छीमारांच्या वहिवाटीचा आहे. या स्थळाची शास्त्रीय नोंद १९९४ साली झाली, ग्रामस्थांना मात्र ते अर्थातच त्याआधीपासून ठाऊक होते.

येथे २०२३ साली सहा लाखांहून अधिक माद्यांनी अंडी घातली. २०२४ साली सामूहिक आगमन झालेच नाही आणि २०२५ साली पुन्हा साडेसहा लाखांचा आकडा ओलांडला गेला. तेव्हा एखाद्या वर्षाच्या आकड्यावरून संरक्षणाचे यश वा अपयश ठरविणे घाईचे ठरेल.

घरट्यांची राखण

मादी वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजविते व समुद्रात परतते. सुमारे ४५ ते ५५ दिवसांनी, वाळूच्या उष्णतेवरच, पिल्ले बाहेर येतात. पिल्लू नर होणार की मादी, हेही त्या उष्णतेवर अवलंबून असते. वाळू अधिक तापली तर माद्यांचे प्रमाण वाढते. या काळात कुत्री, कोल्हे व कावळे घरटी उकरतात. पुरुणाबंध, गोखरकुडा, पोडमपेटा या गावांतील तरुण वनविभागाबरोबर रात्रपाळीने पहारा देतात. पूर्वी ज्या किनाऱ्यावरून अंडी गोळा केली जात, तेथे आज त्याच वस्त्यांतील माणसे राखणदार आहेत. कासवाला विष्णूचा अवतार मानणारी श्रद्धा या कामी साहाय्यभूत ठरली हे खरे. परंतु केवळ श्रद्धेवर रात्रीचे जागरण वर्षानुवर्षे चालत नाही.

पिल्ले बहुधा रात्री निघतात आणि क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. निसर्गतः ती बाजू समुद्राची असते. मात्र महामार्ग, कारखाने व वस्त्या यांच्या दिव्यांमुळे ती जमिनीकडे वळतात आणि सकाळच्या उन्हात मरतात. त्यावर ग्रामस्थांनी योजलेला उपाय साधा आहे. किनाऱ्याच्या जमिनीकडील बाजूस जाळ्याचे कुंपण घालायचे आणि अडलेली पिल्ले घमेल्यांतून नेऊन पाण्याजवळ सोडायची. या दिवसांत आसपासचे दिवे मालविण्याचे वा झाकण्याचेही प्रयत्न होतात.

कोकणातील पद्धती वेगळी आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने काम उभे केले. तेथे घरटी तुरळक व विखुरलेली असल्याने अंडी उचलून कुंपण घातलेल्या सुरक्षित जागेत पुरता येतात. ऋषिकुल्येवर लाखो घरटी हलविणे अशक्य. तेथे संपूर्ण किनाराच राखावा लागतो. हे दोन किनारे परस्परांपासून अगदीच तुटलेलेही नाहीत. २०२१ साली ओडिशात खूणचिठ्ठी लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली.

समुद्रातील प्रश्न

हजारांतून एखादेच पिल्लू प्रौढ होते, असा सर्वसाधारण अंदाज आहे, आणि प्रौढ होण्यास दहाहून अधिक वर्षे लागतात. त्यामुळे अंडी कितीही राखली तरी प्रौढ मादी जाळ्यात मेली तर ते नुकसान सहजी भरून येत नाही. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात दीर्घकाळ अडकल्यास ते गुदमरून मरते.

म्हणूनच धामरा, देवी व ऋषिकुल्या या नदीमुखांच्या परिसरात १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात किनाऱ्यापासून २० किलोमीटरपर्यंत मासेमारीस बंदी असते. हे सात महिने, त्यातही हिवाळ्यातील शांत समुद्राचे दिवस, लहान मच्छीमाराच्या कमाईचे असतात. राज्य शासन बाधित कुटुंबांना अर्थसाहाय्य देते, पण रात्री कासवांची राखण करणारा आणि दिवसा होडी किनाऱ्याला बांधून ठेवणारा माणूस अनेकदा एकाच घरातला असतो. संरक्षणाचा मोठा भार अशा घरांवर पडतो. ट्रॉलरचा मालक त्यांच्याहून सधन आहे आणि त्याचे जाळेही अधिक घातक आहे.

ट्रॉलरसाठी उपाय उपलब्ध आहे. जाळ्यात तिरपी जाळी बसविली की कासव तिच्यावर आपटून वरच्या वा खालच्या झडपेतून बाहेर पडते व कोळंबी मागे जाते. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय परिस्थितीला अनुरूप असे साधन विकसित केले आहे. थोडी मासळीही निसटते, या भीतीने नौकामालक ते वापरण्यास नाखूष राहिले. २०१९ साली अमेरिकेने नेमक्या याच कारणास्तव भारतातील समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात बंद केली आणि कासवाचा प्रश्न निर्यातदारांच्या हिशेबवहीत येऊन पोहोचला.