अग्निशमन व रुग्णवाहिका सेवांतील बिनतारी संभाषण : ओळख सांगण्याची शिस्त

प्रस्तावना

दैनंदिन भाषाव्यवहारात ‘कोण बोलत आहे’ हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. समोरासमोर बोलताना चेहरा दिसतो, दूरध्वनीवर आवाज ओळखीचा असतो किंवा क्रमांक दिसतो, पत्राखाली स्वाक्षरी असते. बिनतारी संभाषणात यांपैकी कशाचाच आधार नसतो. एकाच वाहिनीवर वीस-पंचवीस माणसे कान लावून असतात, एका वेळी एकालाच बोलता येते आणि आगीच्या ठिकाणी तो आवाज श्वसनयंत्राच्या मुखवट्यातून, पाण्याच्या व पंपाच्या गोंगाटातून येतो. अशा स्थितीत ‘मी आत अडकलो आहे’ या वाक्यातील ‘मी’ हे सर्वनाम निरर्थक ठरते. सर्वनामाला अर्थ येतो तो बोलणाऱ्याच्या उपस्थितीमुळे. येथे उपस्थितीच अदृश्य असते. म्हणून सर्वनामाच्या जागी नाव ठेवावे लागते. ते नाव कोणते असावे, कोणी ठरवावे व कोणत्या क्रमाने उच्चारावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी अमेरिकेतील अग्निशमन व रुग्णवाहिका सेवांचे उदाहरण घेतले आहे. कारण तेथील नियम लिखित स्वरूपात उपलब्ध आहेत आणि मोठ्या दुर्घटनांची चिकित्सा जाहीरपणे झालेली आहे.

कायद्याची ओळख व कामाची ओळख

प्रथम एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. बिनतारी यंत्रणेला दोन ओळखी असतात. पहिली परवान्याची. १९३४ च्या कायद्याने अमेरिकेत स्थापन झालेला संघीय दळणवळण आयोग प्रत्येक परवानाधारकास एक ‘कॉल साइन’ देतो. सार्वजनिक सुरक्षेच्या जुन्या परवान्यांत ती बहुधा तीन अक्षरे व तीन अंक अशी असते. आयोगाच्या नियमावलीतील नव्वदाव्या भागानुसार ही संज्ञा प्रत्येक संभाषणाबरोबर, अथवा सलग संभाषण चालू असल्यास ठरावीक अंतराने, प्रक्षेपित करावी लागते. इतर सेवांसाठी हे अंतर पंधरा मिनिटांचे आणि सार्वजनिक सुरक्षा सेवांसाठी तीस मिनिटांचे आहे. ती इंग्रजीत बोलून सांगावी किंवा मोर्स लिपीत पाठवावी, अशी मुभा आहे. संभाषण सांकेतिक केलेले असले तरी ओळख उघड स्वरूपातच द्यावी लागते. मूळ केंद्राच्याच प्रक्षेपण वारंवारतेवर बोलणाऱ्या फिरत्या संचास हे बंधन नाही. आज बहुतेक ठिकाणी हे काम यंत्रच मोर्समध्ये परस्पर उरकते आणि बंबावरील जवानाला त्याची जाणीवही नसते.

या परवाना-ओळखीला एकदा अनपेक्षित लोकप्रियता लाभली. १९७२ ते १९७७ या काळात ‘इमर्जन्सी!’ ही दूरचित्रवाणी मालिका अमेरिकेत घरोघरी पाहिली जात असे. लॉस एंजेलिस परगण्यातील ‘स्टेशन ५१’ हे काल्पनिक केंद्र तिच्या केंद्रस्थानी होते. वर्दी आली की केंद्राचा कॅप्टन ध्वनिक्षेपक उचलून ‘स्टेशन ५१, केएमजी ३६५’ असे उत्तर देई. केंद्र काल्पनिक असले तरी केएमजी ३६५ ही लॉस एंजेलिस परगण्याच्या अग्निशमन विभागाची खरीखुरी परवाना-संज्ञा होती. १९७० मध्ये कॅलिफोर्नियात संमत झालेल्या वेडवर्थ-टाउनसेंड कायद्याने पॅरामेडिक ही नवी सेवा अस्तित्वात आली होती. ती सेवा म्हणजे काय, हे सर्वसामान्य प्रेक्षकाला या मालिकेने समजावले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या एका वाक्यात दोन्ही ओळखी शेजारी-शेजारी आहेत. ‘केएमजी ३६५’ ही आयोगासाठी. वाहिनीत व्यत्यय आल्यास दोषी कोण हे शोधता यावे, एवढाच तिचा उपयोग. ‘स्टेशन ५१’ ही सहकाऱ्यांसाठी. पहिली चुकली तर फार तर दंडाची नोटीस येईल. दुसरी चुकली तर बंब भलत्या रस्त्याला लागेल. या दोहोंपैकी कायद्याने बारकाईने बांधली आहे ती पहिली, ही बाब विचार करण्यासारखी आहे. दुसरी ओळख प्रत्येक विभागाने आपापल्या सोयीने ठरविली आणि पुढील बहुतेक अडचणी तेथूनच निर्माण झाल्या.

नावाचा अर्थ गावागणिक बदलतो

एखाद्या गावात एकच अग्निशमन केंद्र असताना ‘इंजिन १’ हे नाव पुरेसे होते. शेजारच्या गावातही ‘इंजिन १’ असते आणि मोठ्या आगीत दोन्ही एकाच वाहिनीवर येतात, तेव्हा गोंधळ अटळ असतो. त्यावर उपाय म्हणून अनेक परगण्यांनी केंद्रांना सलग क्रमांक दिले व वाहनाचे नाव केंद्राच्या क्रमांकाशी जोडले. इतरत्र गावाचे नाव आधी लावण्याची पद्धत रूढ झाली.

क्रमांकापेक्षाही अवघड प्रश्न जातिवाचक नामांचा आहे. अमेरिकेच्या पूर्व भागात ‘टँकर’ म्हणजे पाणी वाहून आणणारी मोटार. कॅलिफोर्नियात ‘टँकर’ म्हणजे आगीवर द्रव टाकणारे विमान. पाण्याच्या मोटारीला तेथे ‘वॉटर टेंडर’ म्हणतात. एका राज्याचा अधिकारी दुसऱ्या राज्यात मदतीला गेला आणि त्याने ‘दोन टँकर पाठवा’ अशी मागणी केली, तर काय येईल हे ऐकणाऱ्याच्या बोलीवर अवलंबून राहील. आपल्याकडे एकाच भाजीला कोकणात एक व विदर्भात दुसरे नाव असते, त्याचाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे नावाची गफलत दुसऱ्या दिवशी निस्तरता येत नाही.

१९७० च्या शरद ऋतूत कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटत राहिले. सोळा माणसे दगावली व सुमारे सातशे बांधकामे जळाली. त्यानंतर ‘फायरस्कोप’ हा संयुक्त उपक्रम सुरू झाला. विविध विभागांची परिभाषा परस्परांशी जुळत नव्हती, हा त्याच्या प्रमुख निष्कर्षांपैकी एक होता. त्यातून विकसित झालेल्या घटना-नियंत्रण पद्धतीने वाहनांची नावे प्रमाणित केली आणि एक मूलगामी बदल केला : ओळख माणसापासून तोडून भूमिकेशी जोडली. आगीचे नेतृत्व करणारा अधिकारी स्वतःचे नाव सांगत नाही. तो ‘मेन स्ट्रीट कमांड’ असतो. वरिष्ठ अधिकारी आला व त्याने सूत्रे हाती घेतली, तरी नाव तेच राहते, आवाज बदलतो. इमारतीच्या चार बाजूंना दर्शनी बाजूपासून घड्याळाच्या दिशेने ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात आणि मागच्या बाजूचा प्रमुख ‘डिव्हिजन सी’ म्हणून ओळखला जातो. परिणामी ओळख सांगताच स्थानही सांगून होते. एका शब्दात दोन माहिती देणारी ही योजना मला या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत गुणी भाग वाटते.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात हाच विचार व्यक्तीपर्यंत नेलेला आहे. शिडीगाडीवरील प्रत्येक जागेला ठरलेले काम असते व जवान गाडीच्या क्रमांकापुढे ते काम जोडून बोलतो. ‘लॅडर अमुक, रूफ’ असे ऐकले की छतावरचा जवान बोलत आहे, हे चेहरा न पाहता कळते.

कोणाचे नाव आधी?

हाक मारताना आधी समोरच्याचे नाव घ्यावे की स्वतःचे, याविषयी एकमत नाही. बहुप्रचलित शिकवण अशी की ज्याला हाक मारायची त्याचे नाव प्रथम, मग स्वतःचे. वर उल्लेखिलेल्या मालिकेतील ‘रॅम्पार्ट, धिस इज स्क्वॉड ५१’ ही रुग्णालयास मारलेली हाक याच धाटणीची आहे. कारण मानसशास्त्रीय आहे. हातातील कामात गढलेला मनुष्य वाहिनीवरील बडबड अर्धवट ऐकत असतो. स्वतःचे नाव कानी पडताच तो सावध होतो आणि पुढचा शब्द, म्हणजे हाक मारणाऱ्याचे नाव, त्याच्या लक्षात राहते. क्रम उलटा असेल तर हाक कोणी मारली हे आधीच निसटून गेलेले असते आणि ‘मला कोणी बोलावले?’ असा उलट प्रश्न करून वाहिनी पुन्हा अडवावी लागते.

उलट क्रम पाळणारे विभागही आहेत. तेथे ‘इंजिन ५ टू कमांड’ असे म्हणतात. ‘टू’ या शब्दामुळे दिशा स्पष्ट राहते, हा त्यांचा युक्तिवाद. तो अगदी निराधार नाही. तथापि बटण दाबताक्षणीच बोलण्यास सुरुवात केल्यास पहिला शब्दांश कापला जातो, हा सर्व बिनतारी संचांचा अनुभव आहे. कापले जाणारे नाव जर बोलणाऱ्याचे असेल तर नुकसान अधिक, कारण ऐकणाऱ्याला स्वतःचे नाव अंदाजाने ओळखता येते, परक्याचे येत नाही. म्हणून पहिला क्रम अधिक सुरक्षित वाटतो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबावे, हे तर दोन्ही पक्षांना मान्य आहे.

अंकांचा प्रश्न याच्याशी निगडित आहे. इंग्रजीत ‘फिफ्टीन’ व ‘फिफ्टी’ यांत गोंधळ होतो, म्हणून संशय आल्यास ‘वन-फाइव्ह’ असा एकेक अंक उच्चारतात. मराठीत ही अडचण कितीतरी मोठी आहे. ‘एक्कावन्न’ व ‘एक्क्याण्णव’ यांचा आरंभ सारखा, भेद काय तो शेवटी. ‘एकोणसाठ’ व ‘एकोणसत्तर’ यांचेही तसेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा बराच वाद झाला. शाळेसाठी ते इष्ट की अनिष्ट, हा निराळा विषय. वायरलेसवर मराठीतून बोलणाऱ्याने मात्र ‘पाच-एक’ म्हणावे हे निर्विवाद.

रुग्णवाहिकेच्या बाबतीत आणखी एक मर्यादा येते. वाहनाची ओळख स्पष्ट सांगायची, पण रुग्णाची नाही. वाहिनी कोणीही ऐकू शकत असल्यामुळे रुग्णाचे वय, लिंग व लक्षणे सांगून नाव टाळण्याचा प्रघात आहे.

हॅकेनसॅक, १९८८

१ जुलै १९८८ रोजी न्यू जर्सी राज्यातील हॅकेनसॅक येथे एका मोटारविक्री केंद्राला आग लागली. लाकडी कमानीचे छत कोसळून पाच जवान मृत्युमुखी पडले. त्यांपैकी दोघे छत कोसळल्यावरही जिवंत होते. ते शेजारच्या अवजारांच्या खोलीत शिरले व वॉकी-टॉकीवरून मदत मागत राहिले. त्यांच्या हाकांना वेळेवर प्रतिसाद मिळाला नाही. घरी स्कॅनर लावून बसलेल्या नागरिकांना मात्र त्या ऐकू येत होत्या. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या चौकशीत घटनास्थळावरील दळणवळणाच्या अपुरेपणावर बोट ठेवण्यात आले.

या जवानांनी ओळख सांगितली नाही असा याचा अर्थ नव्हे. ओळख ही दुहेरी क्रिया आहे, हे येथे ध्यानी येते. हाक मारणाऱ्याने नाव सांगणे हा तिचा पूर्वार्ध. ऐकणाऱ्याने तेच नाव उच्चारून पोच देणे हा उत्तरार्ध. नुसते ‘ठीक’ किंवा ‘रॉजर’ म्हटले तर ते कोणाला उद्देशून, हे वाहिनीवरील इतर वीसजणांना कळत नाही, आणि ज्याला पोच मिळालेली नाही त्यालाही ती मिळाली असा भ्रम होतो. पुढील काळात संकटहाकेचा निश्चित साचा शिकवला जाऊ लागला : ‘मेडे’ हा शब्द तीन वेळा, नंतर ठिकाण, तुकडी, नाव, सोपविलेले काम व लागणारी मदत. येथे स्वतःचे नाव पुन्हा येते, हे लक्षणीय आहे. एरवी पुसून टाकलेली व्यक्ती केवळ मृत्यूच्या दारात नावाने ओळखली जाते, कारण शोधायचे असते ते भूमिकेला नव्हे, माणसाला.

यंत्राने सांगितलेली ओळख

अंकीय संच बटण दाबताच स्वतःचा क्रमांक आपोआप पाठवतात व नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर त्यापुढे नाव उमटते. संकटाचे बटण दाबल्यास न बोलताही ओळख पोहोचते. मुखवटा निसटलेल्या, श्वास कोंडलेल्या जवानासाठी हे वरदानच आहे. मग तोंडी ओळखीची गरज उरते काय?

उरते, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत. यंत्र ओळखते ते संचाला, तो हाती धरणाऱ्याला नाही. एक संच दुरुस्तीला गेला, त्याऐवजी दुसऱ्या केंद्राचा आणला आणि नावांची यादी बदलायची राहिली, तर पडद्यावर भलतेच नाव येते. तेही छापील अक्षरांत, म्हणजे अधिक विश्वासार्ह भासणाऱ्या रूपात. शिवाय पडदा नियंत्रण कक्षात असतो. धुरात गुडघ्यांवर सरकणाऱ्या जवानाला सहकाऱ्याच्या संचाचा क्रमांक वाचता येत नाही. त्याच्यापाशी केवळ कान असतात. पुष्कळ ठिकाणी आगीच्या जागी वापरली जाणारी थेट वाहिनी अद्याप साध्या अनुरूप पद्धतीची आहे आणि तिच्यावरून बहुधा संचाचा क्रमांक जातच नाही. त्यामुळे पाळी सुरू होताना प्रत्येकाने आपला संच उघडून गाडीचा क्रमांक व आपली जागा मोठ्याने सांगावी आणि नियंत्रण कक्षाने पडद्यावरील नावाशी ती पडताळून पाहावी, हा उपाय उरतो. त्याला एका गाडीमागे मिनिटभरही लागत नाही.