मे महिन्यातलं तळं

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांच्या ‘अभाव’ या पदार्थाची तोंडओळख करून घेतली. आज तोच अभाव गावाबाहेरच्या तळ्यावर जाऊन पाहू.

पावसाळ्यात देशावरच्या माळांच्या खोलगट भागांत, जुन्या खाणींत, कोकणात सड्यावरच्या जांभ्याच्या खळग्यांत पाणी साचतं आणि काही महिन्यांत आटतं. आम्ही निवृत्त मंडळी दुर्बिणी घेऊन तिथे जातो ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पाणी ओसरू लागलं की काठचा चिखल उघडा पडतो आणि पक्ष्यांची पंगत बसते. कोण कुठे बसणार हे पाय आणि चोच ठरवतात. मधल्या पाण्यात हळदीकुंकू बदक. अलीकडे, जेमतेम पाय बुडतील एवढ्या पाण्यात, लांब गुलाबी पायांचा शेकाट्या. चिखलात चोच खुपसणारी तुतारी. आणि ओल्या काठावर शेपूट हलवत किडे टिपणारा धोबी. तुतारी आणि बरेचसे धोबी हे हिवाळ्याचे पाहुणे. काठोकाठ भरलेल्या धरणावर ही उथळ कड मिळत नाही, म्हणून कधीकधी डबकंच जास्त पक्षी दाखवतं.

आता बघा, आटणाऱ्या पाण्यात एवढं अन्न येतं कुठून? कोळंबीच्या दूरच्या भाऊबंदांपैकी काही इवल्या जीवांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पाणी मिळालं की फुटतात. अशा अल्पायुषी तळ्यांत बहुधा मासे नसतात, त्यामुळे हे जीव फोफावतात. म्हणजे तळ्याचं कोरडं पडणं हाही त्याच्या जगण्याचाच भाग आहे.

मग मे महिन्यात तिथे तळं नाही म्हणायचं का? नैयायिक विचारतील, कोणत्या प्रकारचं ‘नाही’? घडा घडण्यापूर्वीचा तो प्रागभाव. त्याला आरंभ नाही, पण शेवट आहे. घडा फुटल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला आरंभ आहे, शेवट नाही. गेल्या वर्षीच्या पाण्याचा ध्वंस झाला हे खरं, पण येणाऱ्या पाण्याचा तिथे प्रागभाव आहे. भेगाळलेल्या तळाशी टिटवी खड्यांच्या रंगाची अंडी घालते, तेव्हा ती याच ‘नाही’मध्ये संसार मांडते.

गोची इथेच आहे. सातबाऱ्यावर अशी जमीन अनेकदा पोटखराबा म्हणून लागते. मे महिन्यात मुरुमाचे डंपर येतात, तेव्हा पक्ष्यांची गर्दी नसते, पाणी नसतं, म्हणून कुणी हरकतही घेत नाही. भराव पडला की मातीतली अंडी गाडली जातात आणि पहिल्या ‘नाही’चं दुसरं ‘नाही’ होतं. ऑक्टोबरात तुतारी येते, पण उतरणार कुठे?

म्हणून आम्ही सांगतो, वहीत नुसती पक्ष्यांची नावं लिहू नका. पाणी कधी साचलं, कधी आटलं, तेही लिहा. मे महिन्यातला फोटो काढा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावपातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. आपल्या नोंदी तिथे द्या. तळं कागदावर बारा महिने असलं, तर त्याच्या बाजूने बोलायला काहीतरी हाताशी राहील.