उपाशी शरीराची काटकसर

अन्न तुटलं की शरीर ज्या तडजोडी करतं, त्या पाहून थक्क व्हायला होतं. नाडी मिनिटाला ५०च्या, कधी ४०च्याही खाली येते. पाळी थांबते, बोटं गार पडतात. चरबीचं अस्तर उतरलं की पाठीवर, दंडांवर मऊ लव उगवते. पोटातल्या बाळाच्या अंगावर असते तशीच!

ॲनोरेक्सिया म्हणजे वजन वाढण्याच्या धास्तीने खाणं तोडण्याचा आजार. तो झालेली मुलगी (मुलगेही असतात) फॅमिली डॉक्टरकडे येते ती भलतीच तक्रार घेऊन: केस गळतात, चक्कर येते, पोट साफ होत नाही. आपल्याकडे तर उपासांच्या आड हे बरेच दिवस खपून जातं.

बुलिमिया त्याहून लपून राहतो. भसाभसा खायचं, मग उलटी काढायची. वजन बहुधा नेहमीइतकंच. जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये लंडनमधून या आजाराचं वर्णन केलं, त्यात बोटांच्या सांध्यांवरचे घट्टेही होते. घशात बोटं घालताना वरचे दात तिथे घासतात. आम्लाने पुढच्या दातांची आतली बाजू झिजते. कानांखालच्या लाळग्रंथी सुजून गाल भरल्यासारखे दिसतात, आणि नातेवाईक म्हणतात, ‘तब्येत सुधारली हो!’

रक्ताचे रिपोर्ट पुष्कळदा नॉर्मल येतात. त्यावर निश्चिंत होणं मला सर्वांत धोक्याचं वाटतं. नाडी मोजावी, झोपून आणि उभं करून रक्तदाब घ्यावा, ईसीजी काढावा, आणि सरळ विचारावं: खाण्यावरचा ताबा सुटतो का? दिवसभर डोक्यात खाण्याचेच विचार असतात का?

हा दुसरा प्रश्न फार खोल जातो. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्यातले काही पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जेवण तासन्‌तास पुरवू लागले. म्हणजे आपण ज्याला हट्ट समजतो, त्यातला बराचसा उपासमारीनेच घडवलेला असतो.

‘मग भरपूर खाऊ घाला’ हेही चालत नाही. दीर्घ उपासमारीनंतर एकदम जेवण पडलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाला रुग्णालयात आधी थायमिन देतात, मग आहार पायरीपायरीने वाढवतात आणि सुरुवातीला फॉस्फेट रोज तपासतात.