साहेबांना थंडा, कोतवालाला पाणी

मे महिन्यातली खरीपपूर्व सभा म्हणजे आम्हा विस्तार कार्यकर्त्यांची परीक्षाच. दुपारी दोनचा सुमार, ग्रामपंचायतीवर टिनाचे छत, पंखा आहे पण लाईन नाही. अशाच एका सभेत सरपंचांनी कोतवालाला फाट्यावर पिटाळले. (या पदाला हल्ली महसूल सेवक म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून कोतवालच आहे.) पाऊण तासाने तो घामाने निथळत आला, थैलीत आठ बाटल्या. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील, सोसायटीचे सचिव, एकेकाच्या हातात बाटली गेली. माझ्याही हातात आली. खोलीत कोतवाल धरून नऊ माणसे होती. त्याला कोणी विचारले नाही. तो माठाजवळ गेला, गडवाभर पाणी प्याला आणि सतरंज्या झटकू लागला. मी माझी बाटली संपवली. हे लिहायला बरे वाटत नाही, पण संपवली.

तेव्हापासून गावोगाव फिरताना कोणापुढे काय ठेवले जाते, इकडे माझे लक्ष जाऊ लागले. वऱ्हाडात आल्या माणसाला "थंडा का गरम?" असे विचारतात. प्रश्न साधा वाटतो. पण तो सगळ्यांना विचारला जात नाही. सालदाराला पाणी, शेजाऱ्याला चहा, सोयऱ्याला आणि साहेबाला थंडा, अशी एक न लिहिलेली पायरी आहे. थंड्यातही पुन्हा पायऱ्या आहेत. लग्नात वरपक्षाच्या मांडवात नामांकित कंपनीची बाटली आणि आचारी-वाजंत्र्यांकडे पावडर घोळलेले रंगीत सरबत, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे.

ही पायरी कशी तयार झाली ते जुन्या लोकांकडून ऐकण्यासारखे आहे. १९७७ साली जनता सरकारच्या काळात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, कोका-कोला कंपनी देश सोडून गेली. तिच्या जागी पार्लेचे थम्स अप आले, कॅम्पा कोला आला, सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजने '७७' नावाचे पेय काढले. गोल्ड स्पॉट तर आधीपासून होतेच. पण ही सगळी बाटली काचेची. ती परत द्यावी लागे, नाहीतर अनामत बुडे. थंड करायला बर्फाची लादी पाहिजे. त्यामुळे बाटली तालुक्याच्या एसटी स्टँडपुढे सहसा जात नसे. जो कापूस घेऊन अकोल्याच्या नाहीतर अमरावतीच्या बाजारात जाई, तो चुकारा मिळाल्यावर एखादी पिऊन येई आणि घरी येऊन सांगे. बाकी गावाला यात्रेतला गोटी सोडा, लिंबाचे सरबत आणि घरचे ताक.

१९९० साली पेप्सी आली. १९९३ साली कोका-कोला परत आली आणि पार्लेची थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही नावेच तिने विकत घेतली. २००३ च्या सुमारास पाच रुपयांची २०० मिलीची बाटली निघाली, आमिर खानची जाहिरात लागली आणि थंडा म्हणजे कोणाचा हे पोराटोरांच्या तोंडी बसले. मी तेव्हा शाळेत होतो. पाच रुपयांच्या एका बाटलीत आम्ही तिघे मित्र, घोट मोजून. गंमत अशी की आमच्या गावात 'पेप्सी' म्हणजे प्लास्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ, आणि खरी पेप्सी मागायची तर "बाटलीवाली" असे सांगावे लागे. पुढे प्लास्टिकची बाटली आली, परत देण्याचा प्रश्न मिटला, आणि थंडा बसस्टँडवरून थेट धुऱ्यावर पोचला. २०२२ मध्ये रिलायन्सने कॅम्पा विकत घेतला आणि २०२३ मध्ये तो दहा रुपयांत बाजारात उतरवला, तेव्हा गावच्या दुकानदारांनी फ्रीजमधल्या जागा पुन्हा बदलल्या.

आज कोण काय पितो? माझे निरीक्षण चार तालुक्यांचे आहे, त्याला शास्त्र म्हणू नये. गावातले जवान पोट्टे थम्स अपवर आहेत, "इचा झटका बसते न भाऊ" हे त्यांचे कारण. म्हाताऱ्यांना लिंबाचे लागते, पित्त उतरते म्हणून. बाया आंब्याचे घेतात. ट्रॅक्टरवाले, मळणी यंत्रावरचे आणि फवारणीचे मजूर मात्र हल्ली वीस रुपयांच्या लाल एनर्जी ड्रिंककडे वळले आहेत. दिवसभर पाठीवर पंप वागवणाऱ्याला त्याने हुशारी येते, हे खरे. पण त्यात कॅफिन असते. मुलांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायांनी घेऊ नये, असे त्या बाटलीवरच बारीक अक्षरात छापलेले असते. शाळेच्या ५०० मीटरच्या आत अशी पेये विकण्यावर बंदी आणण्याचे जुलै २०२४ मध्ये मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत सांगितले होते. गावातले किराणा दुकान आणि शाळा यांच्यात कधी कधी पन्नास पावलेही नसतात, हे ग्रामपंचायतींनी पाहावे.

आणि साहेब लोक? ते आता बाटली नाकारू लागले आहेत. "शुगर आहे हो." २५० मिलीच्या कोलात पाच-सहा चमचे साखर असते, हे शहराला कळले आहे. अमरावतीत राजकमल चौकाच्या आसपास मोठ्या हुद्द्याची माणसे ताक आणि बेलाचे सरबत विकत घेऊन पितात. गावात ज्याच्या घरी गाय-म्हैस होती, त्याच्याकडे ताक फुकट मिळे. मागायला संकोच वाटे तो वेगळा, ताकाला जाऊन भांडे लपवणे ही म्हण उगाच नाही पडली. आता दूध सकाळीच डेअरीत जाते, ताक पिशवीतून तालुक्यावरून येते, आणि ज्याच्या घरी चार म्हशी आहेत तोही पाहुण्यासमोर बाटली ठेवतो. ताक दिले तर पाहुणा काय म्हणेल, ही भीती.

आपल्या पेयावरून आपला मुलूख ओळखू यावा, अशी इतरांची गत आहे. कोकणात कोकम, पुण्यात मस्तानी, सुरतेला १९२३ पासूनचा सोसिओ. वऱ्हाडाचे काय? वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा आपला संत्र्याचा पट्टा. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांची कलमे दूरदूर जातात. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते 'नागपुरी संत्रा' या नावाने, पण पिकतो तो मोठ्या प्रमाणात अमरावती जिल्ह्यात. आणि याच पट्ट्यात लग्नाच्या टेबलावर नारिंगी रंगाची बाटली असते. तिच्यावरचे लेबल एकदा वाचून पाहा. फळाचा रस नाही, असे पुष्कळ बाटल्यांवर स्वच्छ लिहिलेले असते. एका बागायतदाराकडे मी गेलो तेव्हा झाडाखाली फळगळीचा सडा पडला होता, बारीक फळाला व्यापारी विचारत नव्हता, बांगलादेशाने आयात शुल्क वाढवत नेल्यापासून भाव बसला होता. आणि ते गृहस्थ माझ्यासाठी फाट्यावरून नारिंगी बाटली मागवत होते. मी म्हटले, "दादा, झाडाचं एक फळ द्या न." तर म्हणाले, "हे काय पाहुण्याले द्याची वस्तू हाये काय साहेब?"

यात दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृगाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये. थंडा खपतो एप्रिल-मे मध्ये, तेव्हा झाडावर तोडीचे फळ नाही. म्हणजे रस काढून टिकवावा लागणार. इथे आपल्या संत्र्याची अडचण अशी, की रस काढल्यावर काही तासांत तो कडवट होऊ लागतो. लिमोनिन नावाचे द्रव्य त्याला कारणीभूत आहे. बियाही जास्त. ज्यांनी घरी रस काढून फ्रीजमध्ये ठेवून पाहिला, त्यांना हा अनुभव असेल. म्हणून कारखानदार आपल्या फळाकडे लवकर वळत नाही. नोगाचे स्क्वॅश आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्यातला 'ओ' संत्र्याचाच आहे, पण ते घरात पाणी घालून प्यायचे पेय, फाट्यावरच्या फ्रीजमधले नव्हे. २०१४ मध्ये पंतप्रधानांनी शीतपेयांत पाच टक्के तरी फळांचा रस घाला, असे कंपन्यांना आवाहन केले होते. मार्च २०२५ मध्ये मिहानमध्ये पतंजलीचा संत्रा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला आहे. आपल्या शेतकरी कंपन्यांनी एक गोष्ट टिपून ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वायू भरलेल्या पेयावर, मग त्यात रस असो की नसो, ४० टक्के जीएसटी आहे. वायू न भरलेल्या फळरसाच्या पेयावर ५ टक्के. हा फरक लहान नाही.

दुसरीकडे आपणच थंड्याची बाटली पऱ्हाटीवर न्यायला निघालो, असेही झाले. २००४ मध्ये आंध्रात आणि छत्तीसगडच्या दुर्ग, राजनांदगाव भागात शेतकरी कोला फवारतात अशा बातम्या आल्या. मला आजही शेतकरी विचारतात, "साहेब, थंडं फवारलं त चालते काय?" त्याने कीड मरते याला आधार नाही. साखरेच्या पाण्याने मुंग्या येतात, त्या अळ्या खातात, इतकेच झाले तर होईल, आणि तेवढ्यासाठी गुळाचे पाणी पुष्कळ स्वस्त. उलट त्याच्या आदल्या वर्षी, ऑगस्ट २००३ मध्ये, दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने शीतपेयांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचे जाहीर केले होते. लिंडेन, डीडीटी, मॅलाथिऑन, क्लोरपायरीफॉस. यातली शेवटची दोन नावे कापूस उत्पादकाला नवीन नाहीत. शरद पवारांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती बसली आणि तिने २००४ मध्ये ते निष्कर्ष मान्य केले. म्हणजे शेतातून पाण्यात, पाण्यातून बाटलीत, आणि बाटली पुन्हा शेतात.

हे सर्व पाहून मी ठरवले, की कुठेही गेलो तरी थंडा नको म्हणायचे, पाणी मागायचे. हा निश्चय वरूडकडे ठीक चालला. पूर्णेच्या खोऱ्यात मात्र तो मोडला. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर हा आपला खारपाणपट्टा. विहिरीला, बोअरला पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. वान धरणावरची ८४ खेडी योजना असो की शहानूरची, नळाला पाणी येते त्या दिवशी घरातले प्रत्येक भांडे भरून ठेवायचे. नाहीतर जार विकत घ्यायचा. इथे पाण्याचीच प्रत पाहून घराची ऐपत ओळखता येते: गोड पाणी कोणाकडे, जारचे कोणाकडे, बोअरचे कोणाकडे.

त्या कोतवालाचे गाव याच पट्ट्यातले. ऑक्टोबरात त्याच्या दोन एकरांत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावायला गेलो होतो. परतताना त्याने आग्रह करून घरी नेले. ओट्यावर बसलो. त्याचा लहान मुलगा सायकल घेऊन पळाला आणि वीस रुपयांची एक बाटली घेऊन आला, बहुतेक उधारीतच. मी म्हटले, "वहिनी, हे कशाला? पाणीच द्या ना मला."

ती थांबली. कोतवालाने खाली पाहिले. मग तीच म्हणाली, "पानी खारं हाये न साहेब. जारचं सकायीच सरलं. म्हनून तं थंडा आनाले लावला."

मी चार पेले मागितले. एका बाटलीचे चार भाग फार होत नाहीत, तळाशी दोन-दोन बोटे आले. पोराने आपला पेला एका दमात संपवला. वहिनींनी पदराआड घेतला. कोतवाल मात्र पेला हातात धरून तसाच बसला. मी "घ्या ना" म्हटले, तर म्हणाला, "तुमी घ्या पहिले साहेब."