पाण्याच्या जारवरचा लायसन्स नंबर खरा आहे का? मोबाईलवर असा तपासा

20 लिटरचा जार मागवताना आपण भाव विचारतो, लायसन्स कुणीच विचारत नाही. पण 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार सीलबंद पाणी हेसुद्धा 'अन्न'च आहे. त्यामुळे पाणी भरणारा प्लँट आणि जार घरोघरी पोचवणारा विक्रेता, दोघांनाही एफएसएसएआयचं लायसन्स किंवा नोंदणी लागते. 2024 पासून हे पाणी 'हाय रिस्क' गटात आहे, म्हणजे प्लँटची तपासणी झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही.

लेबलवर 14 अंकी नंबर शोधा. पहिला अंक 1 असेल तर लायसन्स, 2 असेल तर नोंदणी. पुढचे दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे 15, केंद्रीय लायसन्स असेल तर 00.

आता तपासू या:

1. मोबाईलवर एफएसएसएआयची 'फॉसकॉस' वेबसाइट उघडा.
2. 'एफबीओ सर्च'मध्ये नंबर टाका.
3. नाव आणि पत्ता लेबलशी जुळतो का, लायसन्स चालू आहे का, ते बघा.
4. उत्पादनांच्या यादीत पिण्याचं पाणी आहे का, तेही बघा. नंबर खरा, पण लायसन्स फरसाणाचं, असं नको!

काही जुळत नसेल तर 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर फोटोसकट तक्रार करा.

आणि हो, सील आणि लेबल नसलेला थंडगार जार म्हणजे 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' नव्हे. पाणी गार आहे म्हणून ते शुद्धच असेल, असं नसतं.